बारा चाळीसचं ताट

"शुक्रवारी दुपारी बारा चाळीसला कोजीच्या खोलीत कोण गेलं होतं?"

मियाजावा-साननी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आवाज चढवला नाही. कारखान्याचे मालक असूनही त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. समोर चार व्हिएतनामी मुली रांगेत उभ्या होत्या. पांढऱ्या टोप्या, पांढरे गमबूट, हात मागे बांधलेले. शेवटी उभी होती मिएन. ती हसली.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

मिएनचं हसू आणखी रुंदावलं. लाज वाटली, भीती वाटली किंवा शब्द सापडेनासे झाले की या मुली हसतात, एवढं मला तोवर कळलं होतं. मियाजावा-सानना कळलं नव्हतं, किंवा त्या शनिवारी सकाळी ते समजून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"सोमवारी सकाळपर्यंत वेळ देतो," ते म्हणाले. "जी कोणी असेल तिने स्वतः येऊन सांगावं. नाही सांगितलं तर चौघींपैकी एकीच्याही कराराची शिफारस मी करणार नाही."

या मुलींचा तीन वर्षांचा करार मार्चमध्ये संपत होता. शिफारस नाही म्हणजे परतीचं तिकीट.

हा प्रसंग माझ्यामुळे ओढवला होता, हे इथेच सांगून टाकते.

नागानोच्या डोंगरातल्या त्या मिसोच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचं काम करत होते. कोल्हापूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, पुण्यात जपानी शिकले आणि या दोन गोष्टी एकत्र लागतील अशी नोकरी मिळाली ती तिथे. सगळे मला ओगुरे-सान म्हणत, कारण ओगले हा उच्चार कोणाच्याच जिभेवर बसत नव्हता. मिसो म्हणजे उकडलेलं सोयाबीन, मीठ आणि कोजी यांचा वर्षभर मुरवलेला लगदा. त्यातली कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली पांढरी बुरशी. ती वाढताना तांदूळ आपोआप तापतो. चाळीस अंशांच्या वर गेला की बुरशी मरायला लागते आणि नको ते जिवाणू माजतात. म्हणून ठरावीक वेळी लाकडी ताटांतला तांदूळ हाताने उलथापालथा करून निववावा लागतो.

हे काम कुवाबारा-सानचं. वय बहात्तर, त्यातली पन्नास वर्षं त्याच खोलीत. ते तळहात तांदळात खुपसून तापमान सांगत आणि रजिस्टरमध्ये लिहून त्यापुढे आपला लाल शिक्का उमटवत. भिंतीवरच्या यंत्राकडे ते बघतही नसत. त्यांच्याशिवाय त्या खोलीत फक्त मी जाऊ शकत होते, तीही रोज दुपारी दोन वाजता नमुना घ्यायला. दोन वर्षांपूर्वी एक हंगामी कामगार सकाळी नात्तो खाऊन तसाच आत गेला होता. नात्तो म्हणजे चिकट आंबवलेलं सोयाबीन, त्यातले जिवाणू कोजीचे वैरी. अख्खा घाणा फेकावा लागला. तेव्हापासून नियम होता: परवानगीशिवाय आत गेलेल्याला काढून टाकायचं.

शुक्रवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे यंत्राचा आलेख आणि रजिस्टर ताडून पाहिलं. रजिस्टर म्हणत होतं: दीड वाजता कोजी उलथली, तापमान अडतीस. यंत्र म्हणत होतं: बारा चाळीसला एक्केचाळीस पूर्णांक आठ, आणि तिथून सरळ उतार. म्हणजे कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत कोजी उलथली होती. त्या सुट्टीत बाकी सगळे बाहेर जेवायला जात, आवारात या चौघीच उरत. मी साप्ताहिक अहवालात तफावत लिहिली आणि मालकांच्या टेबलावर ठेवली. तफावत दिसली की लिहायची, हे माझं काम होतं. त्यामागे कोण उभं असेल याचा विचार करणं मी तेव्हा कामात धरत नसे.

अहवालात न लिहिलेली एक गोष्ट माझ्याकडे होती. शुक्रवारी दोन वाजता मी नमुना घ्यायला गेले तेव्हा तेवीस ताटांत कुवाबारा-सानच्या नेहमीच्या रेघा होत्या. उलथून झाल्यावर हवा खेळावी म्हणून ते बोटांनी उभ्या सरळ सऱ्या ओढत, नांगरल्यासारख्या. चोविसाव्या ताटात, सर्वांत खालच्या फळीवर, सऱ्या गोल होत्या. चौकोनी ताटात मधून बाहेर जाणारी वर्तुळं. कोपरे तसेच राहिलेले. मला ते विचित्र वाटलं म्हणून मी फोनवर फोटो काढला होता.

शनिवारी दुपारी मी मुलींच्या घरी गेले. कारखान्यामागे कंपनीनेच दिलेलं दोन खोल्यांचं घर होतं. दाराशी थर्मोकोलच्या खोक्यांत पुदिन्यासारखा कसला तरी पाला लावला होता आणि थंडीपासून वाचवायला त्यावर जुनी ओढणी पांघरली होती. ती ओढणी मीच दिलेली.

"ची, आत या," लुआ म्हणाली. ची म्हणजे ताई. लुआ चौघींत सगळ्यांत बोलकी. "मालकांनी पाठवलं?"

"नाही. माझी मी आले." मी फोन पुढे केला. "हे कोणाचं काम?"

मिएन भाजी निवडत होती. तिने फोटो पाहिला आणि पुन्हा निवडायला लागली. लुआने मान लांब करून पाहिलं आणि तोंडावर हात धरून खिदळली.

"गोल! अगं बाई, चौकोनी ताटात गोल! मिएन, तू मनाने थेट बानला पोचली होतीस की काय?"

बाकीच्या दोघीही हसल्या. मग कोणालातरी भान आलं आणि सगळ्या गप्प झाल्या.

"बान कुठे आहे?" मी विचारलं.

"माझं गाव," मिएन म्हणाली. तिचं जपानी तुटक होतं, पण ती एकेक वाक्य जागच्या जागी ठेवत बोले. "आम्ही तूअंग करतो. तुमच्या मिसोची बहीण. तांदूळ, सोयाबीन, मीठ. बुरशी पण हीच. आमची ताटं बांबूची. गोल."

"म्हणजे तुला कोजी येते."

"मला ताट फिरवायला येतं. सात वर्षांची होते तेव्हापासून."

"मग आजवर सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही. फॉर्मवर लिहिलं होतं: आधीचा अनुभव, शिवणकाम. शिवणकामाचा कारखाना पण केला ना एक वर्ष. एजंट म्हणाला, घरचं काम म्हणजे अनुभव नाही."

मी शुक्रवारबद्दल विचारलं. ती सोयाबीन उकडायच्या विभागातून डबा खायला निघाली होती. कोजीच्या खोलीच्या झरोक्याखालून जाताना वास आला. चांगल्या कोजीला भाजलेल्या शेंगांसारखा गोडसर वास असतो. हा घामट होता.

"मी थांबले. कोणी नव्हतं. आजोबा जेवायला घरी गेले होते. मग हात धुतले, कोपरापर्यंत. आत गेले."

कुवाबारा-सानना या मुली आपसात आजोबा म्हणत.

"मिएन, तू घाणा वाचवलास. सोमवारी हेच सांग. मी आलेख दाखवते."

"नाही."

"का नाही?"

"मग मालक विचारणार, इतकं गरम का झालं? आजोबांनी साडेअकराला हात घातला होता. त्यांना का नाही कळलं?"

लुआने तिच्याकडे पाहिलं. मीही.

"त्यांचा हात गेला आहे, ची," मिएन म्हणाली. "मी थंडीच्या सुरुवातीला बघितलं. वाफेचं फडकं उघड्या हाताने उचलतात. चेहरा हलत नाही."

तिने भाजीची पुढची जुडी ओढली.

"माझ्या आजीचा पण गेला होता. आजीने ताट फिरवलं की आई मागून जायची आणि परत फिरवायची. चार वर्षं."

"आजीला कळलं नाही?"

"कळलं असणार. घरात कोणी बोललं नाही. बोललं असतं तर ती दुसऱ्या दिवशी ताटाजवळ आली नसती. आणि ताटाजवळ आली नसती तर..." तिने निवडलेली भाजी पातेल्यात टाकली. "मी पण तसंच केलं. मागून जायचं, गप्प यायचं. फक्त बोटं गोल फिरली."

"आणि मार्चमध्ये तुम्हा चौघींना परत पाठवलं तर?"

लुआ म्हणाली, "तेच मी सकाळपासून सांगतेय हिला. आजोबांची हिलाच फार माया. आम्ही जाऊ परत, हिच्यामुळे."

"तुम्ही नाही जाणार," मिएन म्हणाली. "सोमवारी मी सांगेन, मी गेले होते. का गेले, ते नाही सांगणार."

त्या संध्याकाळी मी ऑफिसात बसून चार महिन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. एका बाजूला तळहाताचा आकडा, दुसऱ्या बाजूला यंत्राचा. ऑक्टोबरमध्ये दोन्ही जवळपास सारखे. नोव्हेंबरच्या मध्यापासून एका अंशाचा फरक. डिसेंबरात दोन. जानेवारीत तीन, कधी साडेतीन. तळहात नेहमी कमीच सांगत होता. एका पानावर सगळं मावलं. आई विरजण लावताना दुधात करंगळी घालून बघायची आणि मी तिला थर्मामीटर आणून देत असे. ती हसून तो खिडकीत ठेवून द्यायची. ते पान बघताना मला तो खिडकीतला थर्मामीटर आठवत राहिला.

रविवारी सकाळी ते पान घेऊन मी कुवाबारा-सानकडे गेले. कोजीला रविवार नसतो, म्हणून ते खोलीतच होते, बाहेरच्या बाकावर बसून चहा पीत. मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि वरून खाली वाचलं. घाई केली नाही.

"सुंदर अक्षर आहे," ते म्हणाले. "शाचोला दाखवलंस?"

शाचो म्हणजे मालक.

"नाही. आधी तुमच्याकडे आले."

"का?"

"तुमच्या आकड्यांबद्दल आहे म्हणून."

"हं." त्यांनी कप खाली ठेवला. त्यातून अजून वाफ निघत होती. माझ्या हातातला कप मला बोटांच्या टोकांनीच धरता येत होता. "साखरेचा आजार. आधी करंगळी गेली. मग बाकीची. डॉक्टर म्हणतो, परत येणार नाही."

"दीड वाजता काय झालं शुक्रवारी?"

"आत आलो, तर काम झालेलं. चोवीस ताटं. गोल, गोल, गोल. जत्रेत आल्यासारखं वाटलं." ते पहिल्यांदा हसले. "मी सगळी मोडून सरळ केली."

"तेवीस."

"बघितलंस होय?"

"एक का ठेवलंत?"

त्यांनी उलट विचारलं, "कोण आहे ती?"

"मिएन. उद्या ती सांगणार आहे की ती आत गेली होती. का गेली ते सांगणार नाही."

"मूर्ख पोरगी." त्यांनी समोरच्या नळाकडे पाहिलं. तो गळत होता. "पन्नास वर्षांत मला एकानेही सांगितलं नाही की कुवाबारा, तुझी कोजी तापली. सांगायची हिंमत नव्हती. तिलाही नव्हती. पण तिने हात घातला."

पान त्यांनी घडी घालून मला परत दिलं. काय करायचं ते सांगितलं नाही.

सोमवारी सकाळच्या सभेला सगळे उभे राहिलो. मियाजावा-सान काही बोलायच्या आत मिएनने टोपी काढली आणि एक पाऊल पुढे आली. या वेळी ती हसत नव्हती.

"शाचो, शुक्रवारी मी..."

"मी पाठवलं होतं," कुवाबारा-सान मागून म्हणाले.

सगळे वळले.

"जेवायला जायचं होतं. हिला म्हटलं, बारा चाळीसला जरा फिरव. रजिस्टरमध्ये लिहायचं राहिलं. म्हातारा झालो."

"तुम्ही?" मियाजावा-सान म्हणाले. "तुम्ही माझ्या वडिलांनाही कधी हात लावू दिला नव्हता."

"त्यांचे हात थंड असायचे."

एक-दोघं हसले. मियाजावा-सान हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"ओगुरे-सान, नोंदी काय म्हणतात?"

माझ्या कोटाच्या खिशात ते पान होतं. खोटं बोलायचं नाही, हे मी रात्रीच ठरवलं होतं. म्हणून मी जे म्हणाले त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"यंत्राचा आलेख बरोबर आहे. रजिस्टरमधली वेळ चुकीची आहे. कोजीचा नमुना उत्तम आला."

"एवढंच?"

"एवढंच."

करार वाढले. त्या आठवड्यापासून मिएन कोजीच्या खोलीत जायला लागली, "मदतीला" म्हणून. कुवाबारा-सान तळहात खुपसून आकडा बोलत. मागून मिएन हात घाली. आकडा चुकीचा असला की ती हलकेच खोकत असे आणि ते "थांब, पुन्हा बघतो" म्हणत. पहिल्या महिन्यात ते तिच्यावर वस्सकन ओरडत. "नुसती खोकतेस काय! तोंड नाही का तुला?" एप्रिलपर्यंत ती तोंडाने सांगायला लागली होती. रजिस्टरमध्ये मात्र शिक्का त्यांचाच उमटत राहिला. आकडे आता यंत्राशी जुळत. मी दर शुक्रवारी ताडून पाही आणि अहवालात लिही: तफावत नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये हंग येनहून, मिएनच्याच मुलखातून, लाम नावाचे गृहस्थ आले. मियाजावा-सान त्यांच्याबरोबर व्हिएतनाममध्ये मिसोचा छोटा कारखाना काढणार होते. टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो: ते दोघे, कुवाबारा-सान, मी, आणि दुभाषी म्हणून मिएन, कारण आता तिचं जपानी चांगलं झालं होतं. प्रश्न होता, तिथली कोजीची खोली कोणी सांभाळायची.

"आमच्याकडे हनोईचा एक पदवीधर आहे," लाम म्हणाले, आणि मिएनने ते तसंच्या तसं जपानीत सांगितलं. "तुमच्याकडून कोणी द्यायचं असेल तर बँकेला दोन हंगामांची लेखी नोंद लागेल."

मियाजावा-साननी रजिस्टर मागवलं. चाळलं. मग मिएनकडे बघून, तिला जणू वेगळं सांगावं अशा स्वरात म्हणाले, "माझ्या मनात तुमचं नाव होतं. पण कागदावर तुम्ही कुठेच नाही."

तिने मान लववली. लामना हे वाक्य व्हिएतनामी भाषेत सांगायचं तिने टाळलं नाही. सांगताना ती हसली, आणि ते हसू कसलं ते या वेळी टेबलाभोवती सगळ्यांना कळलं.

कुवाबारा-सान उठून बाहेर गेले. परत आले ते एक लहान लाकडी पिंप छातीशी धरून. टेबलावर ठेवलं. झाकणावर शाईने, कुंचल्याने लिहिलेलं होतं. अक्षरं वाकडी होती.

मियाजावा-साननी मोठ्याने वाचलं. "तीस जानेवारी. शुक्रवार. बारा चाळीस. हात: मिएन."



"तिला मी पाठवलं नव्हतं," कुवाबारा-सान म्हणाले. "कोजी तापली होती. मला कळलं नव्हतं. तिला बाहेरून वासाने कळलं. एक ताट मी तिच्या हातचं तसंच ठेवलं आणि त्याचा वेगळा मिसो घातला. रजिस्टर खोटं लिहिलं. हे झाकण खरं आहे."

झाकण उघडलं. वर्ष उलटून गेलेला मिसो गडद, विटकरी झाला होता. मियाजावा-साननी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखला. लामनी चाखला आणि मिएनला काहीतरी म्हणाले. तिने भाषांतर केलं नाही.

"काय म्हणाले?" मियाजावा-साननी विचारलं.

"म्हणाले, घरची आठवण आली." ती मियाजावा-सानकडे वळली. "माफ करा. हे कामाचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही."

मियाजावा-साननी चमचा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "ओगुरे-सान. त्या सोमवारी मी तुम्हाला विचारलं होतं, एवढंच का."

"हो."

"तुम्ही एवढंच म्हणालात."

मी ऑफिसात गेले. ते पान चौदा महिने माझ्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात होतं. आणून पिंपाशेजारी ठेवलं. त्यांनी ते वाचलं. कुवाबारा-सान खिडकीबाहेर बघत होते. मला रागावणं मियाजावा-सानना सोपं होतं. त्यांनी फक्त रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"दुरुस्त करा."

जपानमध्ये नोंद खोडत नाहीत. चुकलेल्या अक्षरांवर दोन आडव्या रेघा मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे अशा, वर बरोबर ते लिहितात आणि ज्यांची ती नोंद असेल ते बाजूला शिक्का उमटवतात. मी तीस जानेवारीचं पान काढलं. 'दीड' वर दोन रेघा मारल्या. 'बारा चाळीस' लिहिलं. 'अडतीस' वर दोन रेघा मारल्या. 'एक्केचाळीस पूर्णांक आठ' लिहिलं. माझा शिक्का उमटवला. कुवाबारा-साननी त्यांचा.

"आणि तिचा," मियाजावा-सान म्हणाले.

"माझ्याकडे शिक्का नाही," मिएन म्हणाली. "सही करू?"

"सही कशाला?" कुवाबारा-सान म्हणाले. "बोट आहे ना?" लाल शाईची डबी त्यांनी तिच्यापुढे सरकवली. "आणि हे पहिलं पान. अजून चौदा महिन्यांची पानं बाकी आहेत. डबी पुरवून वापर."

तिने पाण्याच्या ग्लासात हात धुतल्यासारखा केला, रुमालाला पुसला आणि तर्जनी शाईत टेकवली. मग कागदावर ठेवून, जरा दाबून, उचलली.

आम्ही सगळेच वाकून बघत होतो. रजिस्टरच्या सरळ उभ्या रकान्यात तो लाल ठसा उमटला होता. आतल्या रेषा मधून निघून बाहेर गेल्या होत्या, गोल, गोल, आणि चारी कोपरे तसेच रिकामे राहिले होते.